सर्व्हर बंद, सोमवारी डेमो

शुक्रवारी दुपारी साडेतीनला विद्यापीठाची मेल आली. देखभालीच्या कामासाठी सर्व्हर सोमवारी दुपारी बारापर्यंत बंद. आमचा डेमो सोमवारी सकाळी साडेनऊला.

जर्मनीत मास्टर्सला आल्यावरचं हे माझं पहिलं टीम प्रोजेक्ट. आम्ही तिघं: मी, एक जर्मन मुलगी आणि एक व्हिएतनामी मुलगा. इथे विद्यार्थीच चालवतात असं एक सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. हत्यारं त्यांची, हात आपले. त्यांच्यासाठी आम्ही नोंदवही करत होतो: कोणाची सायकल कधी आली, काय बिघडलं, कोणता सुटा भाग किती उरला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणि तिच्यात वेब ॲप बनवायच्या फ्लास्क या साधनात लिहिलेली. डेटाबेस पोस्टग्रेसच हवा आणि तो विद्यापीठाच्या सर्व्हरवरचाच, अशी प्रोजेक्टच्या कागदात अट होती.

पोस्टग्रेस स्वतः इन्स्टॉल करून टाकायचा ना, असं तुम्ही म्हणाल. लॅपटॉपवर जमलंही असतं. पण डेमो लॅबमधल्या कॉम्प्युटरवरच द्यायचा होता आणि तिथे आम्हाला काही इन्स्टॉल करायचे हक्क नव्हते. पायथन मात्र होतं. आणि पायथनबरोबर २००६ पासून एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस आपोआप येतो. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा डेटाबेस म्हणजे डिस्कवरची एक फाइल.

एसक्यूलाइट जन्माला आलं तेच अशा अडचणीतून, हे मला त्या रात्री वाचताना कळलं. रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. त्यांचा प्रोग्रॅम इन्फॉर्मिक्स डेटाबेसवर चालायचा. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की प्रोग्रॅमही अडायचा, आणि पडद्यावर तक्रार दिसायची ती त्यांच्या प्रोग्रॅमच्या नावाने. मग सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस त्यांनी २००० साली लिहिला. आज तो तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे. हे वाचून मला फार धीर आला.

शनिवारी सकाळी आम्ही माझ्या फ्लॅटच्या सामायिक स्वयंपाकघरात बसलो आणि पहिल्या तासातच खरी गोम लक्षात आली. आमच्या क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला माहिती विचारायच्या ओळी, सात फाइलींमध्ये विखुरलेल्या होत्या. निम्म्याहून जास्त मी लिहिलेल्या. बीईला कोल्हापुरात झॅम्प हे तयार सर्व्हरचं पॅकेज चालू करायचं, त्यातल्या मायएसक्यूएल या डेटाबेसच्या पुढे हिरवं दिसलं की कामाला लागायचं, आणि जिथे लागेल तिथे क्वेरी लिहायची, ही सवय अंगात मुरलेली. डेटाबेस कायम हाताशी असतोच, असं मी धरून चाललो होतो. आता एकेक क्वेरी उचलून एकाच फाइलमध्ये आणायची होती. बाकीच्या प्रोग्रॅमने फक्त ‘सायकल शोध’, ‘दुरुस्ती नोंदव’ एवढंच म्हणायचं. माहिती कुठे ठेवली आहे ते एका फाइलला माहीत, इतर कोणाला नाही. या कामात संध्याकाळ झाली.

त्यापुढचं बारीकसारीक होतं, पण प्रत्येक ठिकाणी ठेच लागली. पोस्टग्रेसच्या लायब्ररीत क्वेरीमधली रिकामी जागा टक्का आणि एस लिहून दाखवतात, एसक्यूलाइटला तिथे प्रश्नचिन्ह लागतं. हे सरळ बदलता आलं. शोध मात्र नाही. जर्मनमध्ये तेलाच्या शब्दात ओवर दोन टिंबं असतात. सुट्या भागांच्या यादीत तो शब्द मोठ्या अक्षराने सुरू होत होता, आणि व्हिएतनामी मित्राने छोट्या अक्षरात टाइप केला तर चेनचं तेल सापडेचना. ‘ब्रेक’ मात्र कसाही लिहिला तरी सापडायचा. एसक्यूलाइटला लहान-मोठं अक्षर सारखं आहे हे फक्त साध्या इंग्रजी अक्षरांपुरतं कळतं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीतच, त्यामुळे मला हे सुचलंही नसतं. शेवटी शोधासाठीचं फंक्शन पायथनमध्ये लिहून एसक्यूलाइटच्या हाती दिलं.

रविवारी रात्री आणखी एक गोष्ट पकडली. एक सायकल डिलीट केली तर ती निमूट गेली आणि तिच्या दुरुस्तीच्या नोंदी मागे तशाच लटकत राहिल्या. पोस्टग्रेसने हे होऊच दिलं नसतं. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी जोडणाऱ्या दुव्याला फॉरेन की म्हणतात, आणि एसक्यूलाइटमध्ये तिची तपासणी मुळात बंद असते. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर एक ओळ देऊन ती चालू करावी लागते. ती ओळ टाकली आणि पुन्हा डिलीट करून पाहिलं. नकार आला. तो नकार बघून आम्ही तिघं मनापासून हसलो.

अट मोडल्याचं आपणहून सांगायचं की नाही, यावर मात्र आमचं जमेना. मी म्हणत होतो, चालतंय ना, विचारलं तर सांगू. जर्मन मुलगी ऐकेना. तिने रविवारीच सरांना मेल लिहिली: पोस्टग्रेसशिवाय दाखवणार आहोत, कारण हे, आणि यामुळे या-या गोष्टी बदलतात. तेलाचा किस्सा आणि फॉरेन की, दोन्ही त्यात होते. तिचंच बरोबर होतं. सोमवारी सर ती मेल छापूनच घेऊन आले होते. पहिलं वाक्य, “ती सायकल डिलीट करून दाखवा.” नकार आल्यावर त्यांनी मान डोलावली. मग पुढची पंचवीस मिनिटं सगळी चर्चा क्वेऱ्यांच्या त्या एका फाइलवरच झाली.

दुपारी सर्व्हर आला. सेटिंगमधला एक शब्द बदलून आम्ही पोस्टग्रेसवर परतलो आणि माहिती तिकडे भरायला घेतली, तर ती अडली. एका ट्यूबची किंमत कोणीतरी जर्मन पद्धतीने दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देऊन ‘१२,५०’ अशी टाकली होती. एसक्यूलाइटने ती आकड्याच्या रकान्यात मजकूर म्हणून मुकाट्याने ठेवून घेतली होती. पोस्टग्रेसने साफ नाकारली. दोन दिवस आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात न आलेली ती चूक दुरुस्त करायला संध्याकाळचे सात वाजले.

गुण पोस्टग्रेसच्या आवृत्तीला मिळाले. वर्कशॉपमध्ये मात्र एसक्यूलाइटची आवृत्ती चालते, कारण तिथे एकच जुना कॉम्प्युटर आहे आणि सर्व्हर बघायला कोणी नाही. दर शनिवारी वर्कशॉप बंद करताना जो असेल तो प्रोग्रॅम बंद करतो आणि डेटाबेसची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतो.