वर्ष संपतानाची नोटीस

शुक्रवार, रात्री पावणेअकरा

आज वर्गात वर्षअखेरची नोटीस वाचून दाखवली. दहा-बारा वर्षं झाली, दरवर्षी वाचतेच, पण या वेळी आधी बसून ती नव्याने लिहून काढली. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. झोपायच्या आधी हे लिहून ठेवते कारण पुढच्या वर्षी ऐन गडबडीत हे सगळं डोक्यातून गेलेलं असणार.

ऑफिसमधून आलेल्या कागदावर 23 मुद्दे होते. लायब्ररीची पुस्तकं, लॉकर, ओळखपत्र, लॅबचं सामान, टीमचे टी-शर्ट, परीक्षेचं टाइमटेबल, वर्गाच्या फोटोच्या कॉपी, पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म, निकाल कधी, ऑफिस कधीपर्यंत उघडं, सगळं एकाखाली एक, सगळं सारख्याच अक्षरात. मागच्या वर्षी मी असाच कागद जसाच्या तसा वाचला होता. मुलं शांत बसून ऐकत होती, माना हलवत होती, मला वाटलं पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात जण वेगवेगळे येऊन विचारून गेले की मॅडम लॉकर कधीपर्यंत रिकामा करायचाय, आणि सातव्याला मी जरा चिडूनच म्हणाले, काल काय सांगितलं मी? त्याचा चेहरा पडलेला अजून आठवतो. चूक त्याची नव्हतीच.

ट्रेनिंगमध्ये शिकलेलं आहे की हे सगळं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा 1956 चा पेपर, माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी डोक्यात धरू शकतो, दोन कमी दोन जास्त. मग 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. आणि मर्डॉक यांचा 1962 चा प्रयोग, शब्दांची लांबलचक यादी ऐकवली की लोकांना सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द आठवतात, मधले गळतात. तेव्हा परीक्षेत हे व्यवस्थित लिहिलं आणि नंतर वर्गात उभी राहून 23 मुद्दे एका दमात वाचत राहिले. लॉकर त्या यादीत अकरावा होता, म्हणजे बरोबर गळायच्या जागी.

म्हणून बुधवारी पेन घेऊन बसले आणि एकेका मुद्द्यापुढे एकच प्रश्न लिहिला, हे राहून गेलं तर नंतर निस्तरता येईल का? लायब्ररीचं पुस्तक राहिलं तर नंतर आणून देता येतं, फार तर दंड भरावा लागेल. टी-शर्ट, लॅबचं सामान, ओळखपत्र, सगळं तसंच. असे एकोणीस मुद्दे निघाले, ते छापून भिंतीवर लावले आणि ग्रुपवर पण टाकले, ते तोंडी वाचायचेच नाहीत असं ठरवलं. उरले चार. तेवढेच बोलले.

पहिला, नावाचं स्पेलिंग. दाखल्यावर आणि गुणपत्रकावर जे नाव छापलं जाणार त्याची कच्ची यादी वर्गात येते, मुलं आपल्या नावापुढे सही करतात, मागच्या बाकावरून यादी पुढे येईपर्यंत पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांत चाळीस सह्या म्हणजे कुणी वाचत नाही हे उघड आहे. माझ्याच वर्गातली एक मुलगी, तिच्या इंग्लिश स्पेलिंगमध्ये एक एच जास्तीचा पडला होता. तिनेही सही केली होती, मीही केली होती. दोन वर्षांनी एका फॉर्मवर तिच्या बाकीच्या कागदांशी नाव जुळेना म्हणून ती शाळेत आली, अर्ज, जुने पुरावे, मग परत अर्ज, आणि तोवर फॉर्मची तारीख निघून गेली. ती मला काही बोलली नाही, उलट म्हणाली असू दे मॅडम. तो जास्तीचा एच मला अजून डोळ्यापुढे दिसतो.

आज वेगळं केलं. यादी फिरवलीच नाही. एकेकाला टेबलापाशी बोलावलं आणि सांगितलं की नावावर बोट ठेव आणि एकेक अक्षर मोठ्याने म्हण, मग आडनाव, मग आईवडिलांची नावं, मग जन्मतारीख. आधी हसली मुलं, हायस्कूलच्या मुलांना अक्षरं म्हणायला लावणं म्हणजे त्यांना लहान केल्यासारखं वाटतं, ते मला कळत होतं. पण तिसऱ्याच मुलाचं बोट थांबलं. मॅडम इथे आय नाही, वाय पाहिजे. मग कुणी हसलं नाही. पूर्ण तास गेला आणि चार चुका सापडल्या, त्यातली एक जन्मतारखेत. चार! माझ्या मते वर्षभरातला इतका कामाचा तास दुसरा झाला नसेल.

दुसरा मुद्दा शाळेच्या अकाउंटचा, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं कारण मुलांना हे खरंच माहीत नसतं. शाळेने दिलेला ईमेल, त्याच्याबरोबरचा ड्राइव्ह, हे त्यांना स्वतःचं वाटतं, पण ते शाळेचं असतं आणि मुलगा शाळा सोडून गेला की ते बंद होतं. आमच्याकडे गूगलचं अकाउंट आहे, तर ते डिलीट झाल्यावर 20 दिवसांच्या आत अ‍ॅडमिनला परत आणता येतं, त्यानंतर नाही. आणि मुलं येतात दोन-तीन महिन्यांनी, जेव्हा कुठेतरी जुना प्रोजेक्ट दाखवायची वेळ येते तेव्हा. एका मुलाचं तीन वर्षांचं लिखाण होतं त्यात, कविता, एक अर्धवट लांब गोष्ट, आणि त्याने कुठेही कॉपी ठेवलेली नव्हती. तो ऑफिसच्या दाराशी उभा होता आणि कॉम्प्युटरवाले सर त्याला समजावत होते की आता काही होऊ शकत नाही, आणि तो नुसतं हो हो म्हणत होता. मी त्याला सांगू शकले असते, एक महिना आधी, फक्त एक वाक्य.

म्हणून आज बोर्डवर नुसतं लिहून सोडलं नाही, करूनच घेतलं. टेकआउट म्हणून गूगलचीच एक सोय आहे, तिथे जाऊन सगळा डेटा डाउनलोड करता येतो, किंवा शाळेने ते बंद ठेवलेलं नसेल तर मेल आणि ड्राइव्ह सरळ आपल्या घरच्या जीमेलवर कॉपी करायची सोय असते. वेळ लागतो त्याला, कधी काही तास, कधी त्याहून जास्त, म्हणून शेवटच्या दिवशी सुरू करून चालत नाही. ग्रुप प्रोजेक्टचं वेगळंच, फाइल ज्याच्या अकाउंटवर बनली त्याचं अकाउंट गेलं की बाकीच्या चौघांकडूनही ती जाते, म्हणून प्रत्येकाने स्वतःची कॉपी करून ठेवायची. आणि एक गोष्ट मला एका मुलीनेच सांगितली, तिने दुसऱ्या तीन-चार साइट्सवर शाळेचाच ईमेल देऊन खाती उघडली होती, पासवर्ड विसरली तर रीसेटची लिंक त्या बंद ईमेलवर जाणार आणि ती कायमची बाहेर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लगेच सगळ्यांना सांगितलं की शाळेचा ईमेल जिथे जिथे दिलाय तिथे आजच बदला.

तिसरा, सिक रूममधली औषधं. तिथे कपाटात मुलांच्या नावाच्या पिशव्या असतात, इनहेलर, कुणाचं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, आणि सुट्टी लागली की त्या कपाटाला आणि मग शाळेलाच कुलूप. हे नावं घेऊन वर्गात बोलायचं नसतं, म्हणून पाच मुलांना बाजूला घेऊन सांगितलं. एकाच्या इनहेलरची एक्सपायरी चार महिन्यांपूर्वीच संपलेली निघाली, म्हणजे इतके दिवस तो कपाटाच्या भरवशावर होता आणि आम्ही पण.

चौथा, विषय निवडायचा फॉर्म. फॉर्म बंद झाला की त्यावर पुढच्या वर्षीचं टाइमटेबल बसतं, मग एका मुलाचा विषय बदलायला दहा जणांची ओढाताण होते आणि बहुतेक वेळा जमत नाही. हा मुद्दाम शेवटी ठेवला, शेवटचं लक्षात राहतं म्हणून. शिफारसपत्राचंही यातच सांगून टाकलं, ज्या सरांकडून मॅडमकडून हवंय त्यांना सुट्टीआधी भेटून विचारा, सुट्टीनंतर ते इथे असतीलच असं नाही.

परीक्षेबद्दल कागदावर फक्त तारखा होत्या, मी दोन वाक्यं माझ्या मनाने जोडली. एक झोपेचं. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप पाहिजे, अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्येच सांगितलंय, आणि माझ्या वर्गात हात वर करायला सांगितलं तर काल आठ तास झोपलेले तिघंच. दुसरं वाचण्याबद्दल. रोडिगर आणि कार्पिकी यांचा 2006 चा प्रयोग आहे, एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर उलटं, 42 विरुद्ध 56. मुलांना नेमका त्या पहिल्या पाच मिनिटांचाच अनुभव येतो ना, परत वाचलं की येतंय असं वाटतं, म्हणून ती परत परत वाचत बसतात आणि पेपरात हात थांबतो. पुस्तक मिटा आणि लिहून बघा, इतकंच सांगितलं.

हरवलेल्या वस्तूंची पेटी दाराशी ठेवली होती. पाण्याच्या बाटल्या, एकच मोजा, दोन चष्मे. चष्मा हरवल्यावर कुणी वर्षभर विचारायला येत नाही म्हणजे काय, तो मुलगा फळा कसा वाचत असेल? सोमवारी बाकीच्या वर्गांतही चौकशी करायचीय.

आणि एक राहिलं, खरं तर त्यासाठीच वही उघडली.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला आणि एक मुलगा दप्तर परत परत आवरत राहिला. वर्षभरात मोजकं बोललेला मुलगा. सगळे गेल्यावर टेबलापाशी आला, म्हणाला मॅडम, मघाशी मी अक्षरं बरोबर आहेत म्हटलं, ती बरोबरच आहेत, पण वडिलांच्या नावाच्या जागी आईचं नाव टाकता येतं का, आता आम्ही दोघंच असतो. मला त्या क्षणी नियम माहीत नव्हता. तसंच सांगितलं त्याला, की मला माहीत नाही पण सोमवारी ऑफिसमध्ये मी स्वतः विचारते, यादी छापायला जायच्या आधी. तो म्हणाला, मागच्या वर्षीच विचारणार होतो, पण यादी पुढे गेली पटकन.

यादीतल्या त्याच्या नावापुढे पेन्सिलने बारीक खूण केली आणि कागद पर्समध्येच ठेवलाय, ऑफिसच्या ट्रेमध्ये टाकलेला नाही. सोमवारी साडेसातला क्लार्कबाई येतात, त्यांच्या आधी दारात उभं राहायचं.