अमेरिका किती तासांवर?

पुण्यात अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. कोथरूडहून स्वारगेट किती लांब, तर 'वीस मिनिटं, सिग्नल लागले नाहीत तर.' सिग्नल लागतातच, तो भाग वेगळा. मग मुलगा-सून अमेरिकेत असलेल्या घरांतही हिशोब तासांचाच होणार.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी परवा तिकिटाचा कागद दाखवला. मुंबईहून रात्री दोनला सुटायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास पोचायचं. "सहाच तास? अरे, नागपूरला जायला सबंध रात्र जाते!" मी समजावलं की दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या आहेत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. काकू क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मग दशम्या करून घेते."

अंतर म्हणाल तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटतं, अरबी समुद्र आणि आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जायचं. पण नातवाच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, तर तो चक्क उत्तरेकडे निघतो. स्वीडन आणि फिनलंडच्या मधून जातो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासतो आणि मग कॅनडावरून खाली उतरतो. सर्वांत जवळचा रस्ता हाच. आता कुठे युद्ध, कुठे आकाश बंद, म्हणून विमानाला तो जसाच्या तसा मिळत नाही, हे ओघानं आलंच.

त्यात वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेहून येताना ते पाठीशी असतात, म्हणून परतीला एरवी वेळ कमी लागतो. एअर इंडियानं 2016 मध्ये याचा मोठा गमतीदार उपयोग केला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी उलट्या बाजूनं, म्हणजे वारा पाठीशी घेऊन पूर्वेकडे, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता हजाराहून जास्त किलोमीटरनं वाढला, सव्वापंधरा हजारांवर गेला, आणि वेळ मात्र वाचला! जवळचा बोळ सोडून लांबच्या रिकाम्या रस्त्यानं जाणाऱ्या पुणेकराला हे वेगळं समजावायला नको.

पुणेकराचा खरा प्रश्न वेगळाच आहे. लोहगावची धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची, तीही हवाई दलाची. इतक्या लांबचं, इंधनानं भरलेलं अवजड विमान तिथून उडत नाही. म्हणजे आधी मुंबई गाठा. विमानतळावर तीन तास आधी, टॅक्सीचे चार तास, वर घाटात ट्रक आडवा झाला तर? काकांनी हिशोब करून जाहीर केलं, "साडेचारलाच निघायचं." संध्याकाळी साडेचार ते रात्री दोन. घड्याळ पुढे जे साडेनऊ तास परत देणार होतं, ते काकांनी आधीच खर्च करून टाकले.