डबीतली पाच पिकं

प्रवासाच्या डबीत आम्ही पाचच पिकं ठेवतो. शेतातलं पीक नव्हे, ऱ्हस्व इकारातलं गिटारचं पिक. सतारवाले ज्याला नखी म्हणतील त्याच जातीचं, फक्त नखी बोटात अडकवलेली असते आणि पिक नुसतं चिमटीत धरलेलं. त्यामुळे गाव बदललं, हवा बदलली की पहिली कुरकुर पिकाची सुरू होते. हाताला घाम आला की ते फिरतं. फिरतं म्हणून अंगठ्याचा दाब वाढतो, दाब वाढला की मनगट ताठ होतं, आणि ताठ मनगटाचा प्रहार तारेवर कोरडा, कडक पडतो. मग "आज गिटार लागत नाही" असं वाटतं. गिटार ठीक असते. चांगलं पिक निवडताना म्हणूनच आम्ही आधी पकड बघतो; अर्धा स्वर तिच्यातच असतो.

निघण्याच्या आदल्या रात्री निवड होते. टेबलाच्या कडक पृष्ठभागावर वीतभर उंचीवरून एकेक पिक टाकायचं. टणक, उंच "टिक्" आला तर ते पिक गिटारवरही उजळ वाजतं. "टप" असा बसका आवाज आला तर स्वर गोल येतो. चाचणी गावठी आहे, पण डझनभर पिकांतून चारपाच वेगळी काढायला पुरते. त्यानंतर मोबाइल हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्डिंग. एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, चार वेळा, मग बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारांवर सुटे स्वर अगदी सावकाश. साउंडहोल (गिटारच्या पोटावरचं गोल भोक) आणि ब्रिज (तारा खाली अडकवतात ती पट्टी) यांच्या मधली जागा ठरवून घ्यायची आणि ती हलवायची नाही, नाहीतर पिकातला फरक ऐकतोय की जागेतला, हेच कळत नाही.

प्रवासी गिटारची बॉडी लहान आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, आखूड. नेहमीच्याच तारा नेहमीच्याच सुरात लावल्या तरी ताण कमी राहतो. इथे 0.50 मिमीचं पातळ पिक घेतलं की प्लास्टिकची चटचट पुढे येते आणि लाकूड मागे राहतं. उलट 1.5 मिमीच्या दांडग्या पिकानं जोर लावला की सैल तारा फ्रेटांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, झणझणतात. स्ट्रमिंगसाठी, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडायला, 0.73 आणि सुट्या स्वरांसाठी 0.88 ते 1.0 मिमी, एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

गाडीत बसल्यावर एकच सल्ला: पिवळं किंवा हिरवं पिक काढा. कासवाच्या पाठीसारखं नक्षीदार पिक सीटखाली गेलं की गेलंच. टॉर्टेक्स या नावानं मिळणाऱ्या पिकांत रंगावरून जाडीही कळते. पिवळं 0.73, हिरवं 0.88, निळं 1.0. पिक साउंडहोलमध्ये पडलं तर गिटार गदागदा हलवू नका. पाठ खाली ठेवूनच हलकेच तिरकी करत पिक भोकाच्या बरोबर खाली आणायचं आणि मग एका झटक्यात पालथी करायची.

समुद्राकाठी उतरलं की मटेरियलचा खरा कस लागतो. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं आणि थोडं मऊ पडतं. जॅझ थ्री नावाच्या 1.38 मिमीच्या पिकासारख्या जाड पिकात ते जाणवत नाही, पण पातळ नायलॉन दमट संध्याकाळी हमखास लुळं वाटतं. असेटल, म्हणजे डेलरिन हे प्लास्टिक, फारच कमी पाणी शोषतं, टॉर्टेक्स त्याचंच. शिवाय त्याचा पृष्ठभाग खडूसारखा मॅट असतो, त्यामुळे घामट चिमटीतही ते जागा सोडत नाही. गंमत अशी की नायलॉनच्या पिकांवर उठावाची नक्षी असल्यामुळे पकडीत ती बरेचदा असेटलपेक्षा सरस ठरतात. कोरडी हवा असेल तिथे आम्ही नायलॉनच काढतो. केसिन हे दुधातल्या प्रथिनापासून बनतं. त्याचा स्वर फार गोड, पण दमट हवेत ते वाकतं. ते घरीच बरं.

पिक घसरतंय म्हणून लगेच नवं घ्यायची गरज नसते. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. निम्म्या वेळा दोष त्वचेच्या तेलाचा निघतो. नेलपॉलिश काढायचं असिटोन सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या पिकाला लावू नका, पिक विरघळतं. धुऊनही सरकत असेल तर जिथे अंगठा बसतो तेवढ्याच भागावर 320 नंबरचा पॉलिश पेपर दोन्ही बाजूंनी आडवा-उभा फिरवा. टोकाकडचा तिसरा हिस्सा मात्र अजिबात घासायचा नाही. तिथली खरखर थेट तारेवर ऐकू येते.

डोंगरात, थंडीत प्रश्न उलटा होतो. बोटं कोरडी आणि बधिर, किती दाबतोय याचा अंदाजच येत नाही. गुळगुळीत पॉलिश केलेलं पिक ओलसर बोटांना चिकटतं, पण कोरड्या बोटांतून निसटतं. अशा वेळी मोठं त्रिकोणी पिक काढायचं. हाताला भरपूर जागा मिळते आणि तीन कोपरे असल्यानं फिरलं तरी टोक तारेवरच येतं. अल्टेक्सचं, म्हणजे पॉलिइथरइमाइड या प्लास्टिकचं, त्रिकोणी पिक टणक आणि उजळ वाजतं. थंडीत बोटांचा जोर कमी पडलेला असतो, तिथे तो उजळपणा कामाला येतो. टोक चिमटीबाहेर तीन-चार मिलिमीटर ठेवा. जास्त काढलं की पिक तारांत अडकतं.

शेकोटीभोवती बैठक बसली की सेल्युलॉइड डबीत बंद. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचा तो पदार्थ, ठिणगी पडली तर भर्रकन पेटतो. बोटांनी जोरात घासून वास घ्या, कापूर ओळखू येतो. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर पापडासारखं वाकतं.

देशाची सीमा ओलांडायची असेल तर जुन्या वस्तूंत सापडलेलं खऱ्या कासवाच्या कवचाचं पिक बरोबर घेऊ नका. चोचीच्या कासवाचं, म्हणजे हॉक्सबिलचं, ते कवच 1977 पासून सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. जप्ती तर होतेच, वर चौकशीही मागे लागते.

आता टोकाबद्दल. महाग पिकाचे पैसे मुख्यतः इथेच जातात. साध्या पिकाची कड साच्यातून कापलेली असते आणि तिच्यावर सूक्ष्म करवतीसारखी रेघ राहते. जाड तारेवर तिरकं लावलं की "चिर्र" असा आवाज येतो तो तिचाच. चांगल्या पिकाची कड दोन्ही बाजूंनी उतरती घासून आरशासारखी पॉलिश केलेली असते. तार तिच्यावर अडत नाही, सरकून सुटते. आठवडाभर रोज वाजवल्यावर आपलं पिक खिडकीच्या उजेडात आडवं धरून बघा. टोकाच्या एकाच बाजूला छोटासा सपाट पैलू पडलेला दिसेल. आपण नकळत पिक वीस-तीस अंश तिरकं धरतो, त्याची ती खूण. पैलू गुळगुळीत असेल तर हात लावू नका, तो तुमच्याच हाताच्या मापाचा बेव्हल, म्हणजे कडेचा उतार, आहे. नखाला त्याची कड टोचली तर 600, मग 1000, मग 2000 नंबरचा पेपर क्रमानं. प्रत्येकावर दहाबारा फेऱ्या, पिक तारेवर धरता त्याच कोनात. शेवटी जीन्सच्या मांडीवर खसाखसा घासा. 600 नंतर थेट 2000 वर उडी मारली तर खोल ओरखडे तसेच राहतात आणि चिर्र परत येते.

पॉलिइमाइड या प्लास्टिकचं पिक बरंच महाग. झिजतं इतकं हळू की कागद क्वचितच लागतो, आणि हाताच्या उबेनं ते बोटांना धरून राहतं. फक्त रंग तपकिरी, तेव्हा सीटखालचं वर सांगितलेलं विसरू नका. आम्ही त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो. धातू आणि दगड मात्र प्रवासात नको. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे जुन्या सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतो आणि त्याला ते शोभतं. पण धातू तारांची गुंडाळी लवकर खातो, आणि आडगावी नवा संच मिळत नाही. दगडी पिक फरशीवर पडलं की दोन होतात.

तर डबीत जातं ते असं: असेटल 0.73 आणि 1.0, जाड नायलॉन 1.38, त्रिकोणी अल्टेक्स एक, आणि पॉलिइमाइडचं एक. सोबत 600 ते 2000 पेपरचे बोटभर तुकडे. रात्री डबीचं झाकण उघडं ठेवायचं, घामाचा ओलावा सुकू द्यायचा, आणि सकाळी निघताना पाचही मोजून घ्यायची.