शनिवारी रात्री थांबवलेलं अपग्रेड

विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपणार, हे आम्हाला केव्हापासून माहीत होतं. काम उन्हाळ्यातच व्हायला हवं होतं. पण नव्या सर्व्हरची खरेदी मंजूर होता होता पावसाळा सरला आणि अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार हाती आला. आमचा साखर कारखाना. एकदा बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की वजनकाटा, शेती विभाग, अकाउंट्स, कुणालाच पाच मिनिटं बंद चालत नाही.

जुन्याच मशीनवर नवी विंडोज चढवायची, असं बाहेरच्यांना वाटतं. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत शहाणा माणूस तसं करत नाही. लॉगिन, पासवर्ड, कुणाला कुठलं फोल्डर उघडता येईल, सगळं त्याच्याकडे असतं. म्हणून शेजारी नवा सर्व्हर उभा करायचा, त्याला डोमेन कंट्रोलर करायचं, पाचही फ्स्मो रोल (डोमेनमध्ये एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) त्याच्याकडे न्यायचे, काही दिवस बघायचं आणि मगच जुना उतरवायचा. बिघडलंच तर जुना जागेवर असतो.

संध्याकाळी सात वाजता विंडोज सर्व्हर २०२२ च्या नव्या मशीनला डोमेन कंट्रोलर करायला लागलो आणि त्याने नकार दिला. सिसव्हॉल अजून एफआरएसवर चालतंय, म्हणाला. सिसव्हॉल म्हणजे कंट्रोलरवरचं पॉलिसींच्या, म्हणजे कुणाच्या कॉम्प्युटरला कुठली सेटिंग लागायची त्याच्या, फाइलींचं फोल्डर. ते प्रत्येक कंट्रोलरवर सारखंच असावं लागतं. त्या फाइली एकीकडून दुसरीकडे पोचवायची जुनी पद्धत एफआरएस, नवी डीएफएसआर. आमचं डोमेन सर्व्हर २००३ च्या काळातलं. मधल्या काळात दोनदा सर्व्हर बदलले, पण सिसव्हॉल डीएफएसआरवर न्यायचं कुणी मनावर घेतलं नाही. ज्या एजन्सीने बदलले, तिने बिल घेतलं आणि ही पायरी सोडली. मीही तपासलं नाही. आदल्या दिवशी तपासणीचं टूल रेपअ‍ॅडमिन चालवलं, एकही एरर नाही, म्हणून निश्चिंत होतो. रेपअ‍ॅडमिन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (लॉगिन-पासवर्डच्या) डेटाबेसची नक्कल दुसऱ्या कंट्रोलरवर पोचते का, एवढंच बघतं. सिसव्हॉलमधल्या फाइली पोचतात की नाही, हे ते बघतच नाही.

सिसव्हॉल डीएफएसआरवर नेणारी डीएफएसआरमिग ही कमांड लगेच चालवायचा मोह झाला. त्याआधी आमच्या दोन्ही जुन्या कंट्रोलरवरचे पॉलिसी फोल्डर मोजले. पहिल्यावर ३१, दुसऱ्यावर २३.

दुसऱ्याच्या इव्हेंट लॉगमध्ये १३५६८ नंबरचा एरर पडलेला होता. जर्नल रॅप, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा माग एफआरएसच्या हातून सुटलेला. यूपीएसने दगा दिला आणि सर्व्हर धाडकन बंद पडला, त्या दिवसापासून त्याचं सिसव्हॉल गोठलेलं होतं. दोन वर्षं.

साहेब शेजारी बसले होते. म्हणाले, "होऊन जाऊ दे आता. दहा तारीख उलटली तर ऑडिटला मी काय सांगू?" मी थांबायचं म्हटलं. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. तोवर आमच्यात कधी तसं झालं नव्हतं.

अशा वेळी एका आकड्यात सगळं असतं. आजारी सर्व्हरवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बरफ्लॅग्ज नावाच्या सेटिंगला डी२ दिलं की तो आपली प्रत बाजूला ठेवतो आणि चांगल्या सर्व्हरकडून नवी घेतो. त्याच सर्व्हरवर चुकून डी४ दिलं तर त्याची गोठलेली प्रतच खरी ठरते आणि दुसरीकडच्या चांगल्या फाइलींवर फिरते. मी आधी चांगल्या सर्व्हरचा सिस्टिम स्टेट बॅकअप घेतला, सिसव्हॉल वेगळं कॉपी केलं, आणि एंटर दाबण्याआधी सहकाऱ्याकडून सर्व्हरचं नाव मोठ्याने वाचून घेतलं. रात्री पावणेदोनला १३५१६ आला, म्हणजे सिसव्हॉल पुन्हा सुरू झाल्याची नोंद. फोल्डर मोजले, दोन्हीकडे ३१.

पुढचं सावकाश केलं. डीएफएसआरमिगची पहिली पायरी, मग दुसरी. दुसरीपर्यंत मागे फिरता येतं, तिसरीनंतर नाही, म्हणून आठवडाभर दुसरीवरच ठेवलं. नवा सर्व्हर डोमेन कंट्रोलर झाला तो १४ ऑक्टोबरला. मुदत चार दिवसांनी उलटली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. फाइल सर्व्हर त्यामानाने सोपा गेला. काट्यावरचं जुनं कॉपीअर फक्त एसएमबी १, म्हणजे फाइली शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत बोलत होतं. त्याच वाटेने पसरलेल्या २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसनंतर ते पुन्हा चालू करायला मी तयार नव्हतो. कॉपीअर बदललं.

मनातून जात नाही ती वेगळीच गोष्ट. शेती विभागातल्या एक मॅडम फोन करायच्या, "अहो, माझा एस ड्राइव्ह आज परत गायब." मी म्हणायचो, रीस्टार्ट करा. रीस्टार्टनंतर कधी दिसायचा, कधी नाही. लॉगिन पहिल्या कंट्रोलरकडे गेलं तर दिसायचा. दुसऱ्याकडे गेलं की तो ड्राइव्ह जोडणाऱ्या नव्या पॉलिसीची फाइलच तिथे नसायची आणि पॉलिसी लागूच व्हायची नाही. माघारी आम्ही म्हणायचो, मॅडमना कॉम्प्युटर जमत नाही.

सोमवारी जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी दोन वर्षं खरंच सांगत होते ना?"

नंतर तक्रारींचं रजिस्टर काढलं. त्यांच्या अकरा नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरात 'रीस्टार्ट केले, चालू'. पहिली नोंद त्या १३५६८ नंतर आठव्या दिवसाची आहे.