रिकाम्या कपातला चहा

दुसऱ्या अंकात मी चहा पितो. पडदा वर गेल्यावर पाचव्या मिनिटाला सून ट्रे घेऊन येते, माझ्या हातात कपबशी देते आणि पुढची अकरा मिनिटं ती माझ्याकडेच असते. 2018 च्या डिसेंबरात हे नाटक उभं राहिलं, तेव्हापासून तीनशेच्या वर प्रयोग झाले. म्हणजे तीनशेच्या वर कप झाले. त्यातला एक सोडला तर बाकी सगळे रिकामे.

तो एक आधी सांगून टाकतो. सुरुवातीला मला खरेपणाचं खूळ होतं. कपात खरा चहा पाहिजे म्हणून मी हट्ट धरला. प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्या पोराने बिचाऱ्याने थर्मास आणला, विंगेत चहा ओतला आणि ट्रे आत पाठवला. ठरल्या जागी मी घोट घेतला. चहा उकळता होता. पुढचं वाक्य माझंच होतं, "मला काही फरक पडत नाही." ते मी डोळ्यांत पाणी आणून म्हणालो. कडकडून टाळी आली! प्रयोगानंतर दोघंतिघं आत येऊन "हलवलंत हो आज" असं सांगून गेले. टाळूचं सालटं निघालं होतं, ते त्यांना कुठे सांगत बसणार? वर बशीतला चहा स्टेजवर सांडला आणि त्यावरून सुनेचा पाय घसरता घसरता राहिला. पुढच्या प्रयोगापासून कप पुन्हा कोरडा.

पण कोरड्या कपाची वेगळीच पंचाईत. ठाण्याला गडकरी रंगायतनला रविवारचा दुपारचा प्रयोग होता. सून सांगत होती, "बाबा, मी हे घर सोडतेय." थिएटर चिडीचूप. मी कप तोंडाला लावला आणि दुसऱ्या रांगेतून एका पोराचा खणखणीत आवाज आला, "आई, त्यात चहाच नाहीये!"

पहिल्या पाच रांगा हसल्या. सुनेचं घर सोडणं तिथेच सुटलं.

त्या रात्री घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर कपबशी ठेवली. आधी रिकामी, मग चहा भरून. जेमतेम सव्वाशे ग्रॅमचा फरक. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, काय चाललंय?" मी म्हटलं, अभ्यास. ती म्हणाली, "मग अभ्यास झाला की ओट्यावरचं पुसून ठेवा." पंचवीस वर्षं नटाबरोबर संसार केला की माणूस एवढंच विचारतो.

त्या सव्वाशे ग्रॅमचं नाटक करायला मला तीन महिने लागले. भरलेला कप उचलताना मनगटाच्या आधी नजर कामाला लागते. माणूस कपाकडे बघत नाही, पण कप किती भरलाय हे त्याला कळलेलं असतं. दादरला शिवाजी मंदिराच्या बाहेर उभा राहून मी लोकांना चहा पिताना बघायचो. महत्त्वाचं बोलताना कुणीच पीत नाही. कप नुसता धरलेला असतो, चटका बसला की या हातातून त्या हातात जातो. उगाच फुंकर मारली जाते. आणि साय! दुधाच्या चहावर साय धरली की माणूस ती बोटाने बाजूला करतो, बोट कपाच्या कडेला पुसतो, आणि हे सगळं करताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं टाळतो. मला खजिना सापडल्यासारखं झालं.

पुढच्या प्रयोगाला मी रिकाम्या कपातली साय काढली. प्रेक्षकांत बारीकशी कुजबुज झाली. ओळखीचं काही दिसलं की होते तशी. चार प्रयोगांत ती जागा पक्की झाली, लोक हसायचे, एकदा तर टाळी पडली. नाटकाच्या जाहिरातीत माझं नाव 'आणि'च्या मागेपुढे कधी आलेलं नाही, शेवटी 'तसेच' म्हणून जी नावं येतात, त्या 'तसेच'मध्ये असतो मी. अशा माणसाला सायीवर टाळी मिळाली की काय होतं, हे 'तसेच'मधल्या लोकांनाच कळेल.

पाचव्या प्रयोगाला दिग्दर्शक आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. मेकअप उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाला, "काका, साय झकास आहे. काढून टाका."

मी म्हटलं, "का रे?"

"तुम्ही साय काढता तेव्हा ती काय बोलत असते?"

मला आठवेना. खरंच आठवेना. ती तिच्या आईबद्दल काहीतरी सांगते, एवढंच डोक्यात होतं. तीस-चाळीस प्रयोग मी तिच्यासमोर बसलो होतो आणि त्या जागेचं वाक्य मला येत नव्हतं. रागाने दोन दिवस मी त्या पोराशी नीट बोललो नाही. नंतर संहिता काढून ते वाक्य वाचलं. नाटकातलं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं.

आता मी काय करतो ते सांगतो. कप उचलतो, तोंडाकडे नेतो, आणि ती आईचं नाव घेते तिथे तो अर्ध्यावर थांबतो. बस्स. अर्ध्यावर थांबलेल्या कपाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो कशाने थांबला ते बघायला लोक तिच्याकडे वळतात. तिला टाळी येते. माझ्या नाइटमध्ये, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनात, निम्मे पैसे त्या थांबण्याचे आहेत असं मी मनात धरून चालतो. निर्मात्याला हा हिशेब सांगितलेला नाही.

गोष्ट सांगणं म्हणजे काय, याचा विचार करायला लागलो की मला कुडाळकडचं आमचं गाव आठवतं. जत्रेच्या रात्री पालखी देवळात गेली की दशावतार उभा राहायचा. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. राजा त्यावर बसला की सिंहासन, नारद चढला की स्वर्ग, राक्षस मागे दडला की डोंगर. संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरलेलं, संभाषणं जागच्या जागी. एक जण बोलतोय आणि दुसऱ्याने ऐकलं नाही तर नाटक तिथेच संपेल, इतकं ते एकमेकांच्या ऐकण्यावर चालायचं. पायपेटी, मृदंग आणि झांजेच्या आवाजात आम्ही पोरं पेंगत, दचकत पहाटेपर्यंत बसून राहायचो. बाकडं बाकडं आहे असं कुणी पोरगं ओरडल्याचं मला आठवत नाही. ठाण्याचं पोर असतं तर सांगता येत नाही.

सकाळी हॉटेलात रात्रीचा राजा चहा पीत बसलेला असायचा. कानामागे रंग राहिलेला, शेजारी सामानाचं बोचकं. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असं आमच्याकडे म्हणतातच. मी टक लावून बघतोय हे बघून त्याने विचारलं होतं, "काय रे झिला, रातभर जागलंस?" आणि चहा बशीत ओतून फुर्र करून प्याला. रात्री ज्याच्या एका हाकेने मी आजीच्या पदरात तोंड लपवलं होतं, तो माणूस. नट व्हायचं हे मी त्या बशीकडे बघून ठरवलं, असं मुलाखतीत सांगायला बरं दिसेल. तेव्हा मला फक्त चहा हवा होता.

मालिकांमध्ये चहा खरा असतो. सकाळी केलेला, दुपारपर्यंत गार. तिथे गोष्टीपेक्षा पातळीला महत्त्व. आधीच्या शॉटमध्ये कप बोटभर कमी होता, तर पुढच्यातही बोटभरच कमी पाहिजे. एक मुलगी मोबाइलमध्ये फोटो बघून कप भरत असते. सातव्या रीटेकला मी काय म्हणतोय याची कुणालाच फिकीर नसते, मलासुद्धा नाही. तरी मालिकेला नावं ठेवणार नाही. घराचे हप्ते मालिकेने फेडले, नाटकाने नव्हेत.

2020 च्या मार्चमध्ये थिएटरं बंद पडली. मधे थोडी उघडली, पुन्हा मिटली, आणि 2021 च्या ऑक्टोबरात निम्म्या खुर्च्यांवर परत सुरू झाली. त्या बंदच्या काळात एका संध्याकाळी मुलगी समोर बसून सांगत होती की तिची नोकरी गेलीय. माझा कप अर्ध्यावर थांबला. आणि थांबल्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की थांबला. बरोबर त्याच उंचीला, त्याच कोनात. मुलीचं पुढचं बोलणं मी ऐकलंच नाही, कपच बघत राहिलो. "बाबा, ऐकताय ना?" ती म्हणाली. या धंद्याची ही एक बाजू मला आवडत नाही. घरातलं खरं कुठलं आणि तालमीतलं कुठलं याची सरमिसळ होते. तिने मला ओळखलेलं आहे, म्हणून निभावलं.

परवा सांगलीला प्रयोग होता. सांगली म्हणजे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते गाव. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपापल्या मनाने बोलायची. तिथला प्रेक्षक अजूनही नाटकाकडे आपल्या घरचं कार्य असल्यासारखं बघतो. प्रयोगानंतर सत्तरीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत आत आल्या. सुनेचं काम करणाऱ्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा चहा तसाच राहिला हो. गार झाला असेल."

आनंद व्हावा की वाईट वाटावं, कळेना. कप कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून मी एवढी शेखी मिरवतो, आणि या बाई अकरा मिनिटं त्याच्यावर डोळा ठेवून होत्या. मी म्हटलं, "घेतो आता." त्या "घ्या, घ्या," म्हणत गेल्या.

कपडे बदलून मागे आलो तर सेट निघाला होता, बसमध्ये सामान चढत होतं. कोपऱ्यातल्या नळावर प्रॉपर्टीवाला पोरगा ती कपबशी धूत होता. साबण लावून, नीट. इतक्या वर्षांत मी हे बघितलंच नव्हतं.

म्हटलं, "अरे, त्यात चहा कुठे असतो? धुतोस कशाला?"

मान वर न करता तो म्हणाला, "उष्टा झाला ना, काका."