मशीन कोणतं घेऊ?

“मामी, घरी चांगली कॉफी करायची आहे. दोन-अडीच हजारांत कोणतं मशीन येईल?”

पहिल्यांदा हे विचारलं भाच्याने, होस्टेलवरून. मग सोसायटीतल्या दोघी-तिघींनी, मग ऑफिसातल्या एका साहेबांनी, आणि गेल्या महिन्यात चक्क पुण्याच्या वहिनींनी. पुणेकराने इंदूरकराला कॉफीबद्दल विचारावं, ह्याच्या मला आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? एरवी त्यांच्या लेखी आम्ही म्हणजे पोहे-जिलबी, सराफ्यातली खाऊगल्ली आणि ‘मी आली, मी गेली’ असलं मराठी.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मशीन घेऊ नका. त्या पैशांत तीन महिने चांगली पुडी येईल, ती आणा.

ह्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: “पण तुमच्याकडे तर होतं ना?” होतं. अजून आहे, माळ्यावर. २०१९ च्या दिवाळीत सेलमध्ये ५,८०० रुपयांना घेतलं. खोक्यावर काचेचा पेला, त्यात सोनेरी फेसाची कॉफी, खाली मोठ्या अक्षरांत एस्प्रेसो. आता एस्प्रेसो म्हणजे काय, तर अगदी बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी साधारण ९ बार दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास नऊपट रेट्याने, २५-३० सेकंदांत ढकलायचं. त्याला आत पंप लागतो. माझ्या मशीनला पंपच नव्हता. बंद टाकीत पाणी उकळायचं आणि वाफेच्या रेट्याने कॉफीतून जायचं, म्हणजे आपल्या कुकरचा लांबचा भाऊ. अशा मशीनचा दाब दोन-तीन बारच्या आसपासच राहतो, आणि पाणी मात्र नको तेवढं तापतं. कॉफी करपट लागायची. मला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी रोज अर्धा चमचा साखर वाढवत गेले. आठ महिन्यांत ते बंद पडलं. सर्व्हिसवाल्याने उघडलं, आतल्या नळीतला पांढरा थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, बोरिंग का पानी डाला होगा. ये वारंटी में नहीं आता.”

वारंटीचं मनाला लागलं, पण पाण्याचं त्याचं खरं होतं. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंपांनी चढवत आणलेलं पाणी आहे ते, उधळायचं नाही, हे इंदूरच्या मुलांना बाराखडीबरोबर शिकवतात. ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअरिंग. मशीनची टाकी ओट्याच्या नळाखाली भरायला सोपी, म्हणून मी ती बोअरिंगच्या पाण्यानेच भरत राहिले.

काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पुडीवर पाचशे रुपये घालणारा माणूस पाण्याचा विचार करत नाही ह्याचं मला अजून नवल वाटतं. मशीन गेल्यावर एका रविवारी मी तीन पेले मांडले: नर्मदेचं पाणी, बोअरिंगचं पाणी, आणि शेजारून आणलेलं आरओचं. पुडी तीच, वजन तेच, वेळ तोच. कोणता पेला कशाचा हे न सांगता सासूबाईंपुढे ठेवले. बोअरिंगची त्यांनी एक घोट घेऊन सरकवली, “खडू उगाळलाय का ह्यात?” आरओची चाखून म्हणाल्या, “ही नुसतीच टोचते.” नर्मदेचा पेला मात्र त्यांनी परत दिलाच नाही. कारण साधं आहे. जड पाण्यातले क्षार कॉफीतली आंबटसर तरतरी मारून टाकतात, तर आरओमध्ये ज्यांच्या जोरावर पाणी कॉफीतली चव ओढतं ते क्षार जवळपास उरतच नाहीत. तुमच्याकडे आरओच असेल तर त्यात नळाचं (बोअरिंगचं नव्हे) साधं गाळलेलं, उकळलेलं पाणी अर्धंअर्धं मिसळा. फुकटातली सुधारणा आहे, आणि मी सांगणार त्यांतली सगळ्यांत मोठीही हीच असेल.

आता पुडी. पाकिटाच्या पुढच्या बाजूवरचे डोंगर आणि धुकं बघू नका, मागची बाजू वाचा. त्यावर कॉफी किती टक्के आणि चिकरी किती टक्के हे लिहिलेलं असतंच, तसा नियम आहे. चिकरी जास्तीत जास्त ४९ टक्के घालता येते. म्हणजे अगदी कायद्यात राहून तुम्हाला निम्मी कॉफी आणि निम्मं भाजलेलं मूळ मिळू शकतं. चिकरी म्हणजे भेसळ असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यात कॅफीन नसतं, पण तिने डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला कॉफीचा अर्क, दाट होतं, रंग धरतं, आणि दुधातही कॉफी दबत नाही. आमच्या घरी ८०-२० असते. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. काळी पिणाऱ्यांनी बिनचिकरीची, अरेबिका घ्यावी. दूधवाल्यांनी रोबस्टाला नाक मुरडू नये. भारतात पिकते त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त रोबस्टाच आहे, ती स्वस्त पडते, कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, आणि तिचा कडवटपणा दुधाला पुरून उरतो.

पण टक्क्यांहून मोठी गोष्ट म्हणजे तारीख. पॅकिंगची नव्हे, भाजल्याची. चिकमगळूर-कोडगूकडचे बरेच लहान भाजणारे हल्ली पाकिटावर ती छापतात आणि कुरियरने इंदूरला चार-पाच दिवसांत माल येतो. भाजलेल्या बिया महिना-दीड महिना चांगल्या राहतात, दळलेली पूड दोन आठवड्यांत उतरायला लागते. म्हणून एकदम किलोभर आणून ‘स्वस्त पडली’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. पाव किलोच आणा. आणि फ्रिजमध्ये ठेवू नका. आमच्या फ्रिजमध्ये एकदा ती लसणीच्या चटणीशेजारी राहिली होती. पुढचं सांगत नाही. डबा घट्ट झाकणाचा, गॅसपासून लांब, बस.

बिया आणून घरी दळल्या तर फरक पडतो, खूप पडतो. पण हाताने फिरवायचा बरा ग्राइंडर दीड-दोन हजारांच्या खाली मला मिळालेला नाही. तेवढे पैसे खर्चायचेच असतील तर त्याच्यावर खर्चा. नसतील तर भाजणाऱ्यालाच ‘साउथ इंडियन फिल्टरसाठी दळून द्या’ म्हणून लिहा. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दळता येतं, पण निम्मं पीठ, निम्मा रवा असं होतं. पीठ कडू होतं, रवा कच्चा राहतो, आणि कपात दोन्ही एकदम येतात.

भांड्याचं म्हणाल तर भाच्याला मी पहिल्यांदा बिनभांड्याचीच कॉफी शिकवली. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने आपलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे फार वेळ थांबायलाही नको. दोनशे मिलिलिटर पाण्याला बारा-तेरा ग्रॅम जाडसर पूड टाकायची, एकदा ढवळायचं, झाकण, चार मिनिटं. मग मलमलच्या फडक्यातून गाळायची. गॅस परत लावायचा नाही. आपल्याकडे पूड दुधात घालून चहासारखी खळखळ उकळतात तिथेच सगळा घोटाळा होतो. कॉफीतली आंबट-गोड चव आधी सुटते, कडू शेवटी, आणि उकळत राहिलं की शेवटचं सगळंच कपात येतं. “मामी, मलमल नाही, रुमाल चालेल?” म्हटलं, चालेल, पण साबण पूर्ण निघालेला हवा. नव्हता. दुसऱ्या दिवशी फोन आला, कॉफीला फेस छान आलाय म्हणून.

घरासाठी मात्र स्टीलचा फिल्टर. मला तीनशे ऐंशीला मिळाला, दोन मजली, वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक छिद्रं. तो वापरायला मला शिकवलं आमच्या मजल्यावर राहणाऱ्या एका तमिळ मावशींनी, आणि शिकवलं म्हणजे माझा हात धरून थांबवलं. मी पूड चमच्याने दाबत होते. “नको, नको. बसू दे तिची ती.” पूड भरायची, भांडं ओट्यावर हलकेच दोनदा आपटायचं, वरून ती छत्रीसारखी दांड्याची चकती नुसती टेकवायची. मग दोन चमचेच गरम पाणी, गोल फिरवत. पूड ताजी असेल तर इथे ती फुगते, छत्रीच्या कडेने बुडबुडे येतात. भाजताना आत अडकलेला वायू सुटत असतो तो. शिळी पूड ढिम्म हलत नाही, म्हणजे दुकानदाराने काय दिलंय हे इथेच कळतं. अर्धा मिनिट थांबून उरलेलं पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि लांब जायचं. पहिले थेंब टपटप वाजतात, खालचं भांडं भरत आलं की आवाज दबतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी तेवढ्यात पोह्यांचा कांदा चिरते. पंधरा मिनिटांनीही वरचं पाणी तसंच असेल तर पूड फार बारीक आहे, बाजूने चमच्याने टिचकी मारायची. तरी नाही उतरलं तर त्या दिवशी चहा.

आणखी एक वस्तू घ्याच: ग्रॅमचा काटा, तीनशेच्या आसपास मिळतो. ‘एक चमचा’ हे माप नाही. माझा चमचा आणि सासूबाईंचा चमचा ह्यांत चार ग्रॅमचं अंतर आहे, आणि त्यावरून आमच्यात अनेक सकाळी शब्द झाले आहेत. काटा आल्यापासून शांतता आहे.

मी सीएच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. परवाची पाव किलोची पुडी ४६० ची. कपाला बारा ग्रॅम धरले तर वीस कप, म्हणजे कपाला तेवीस रुपये. दूध शंभर मिलिलिटर, सहा-सात रुपये. गॅस-साखर धरून बत्तीसच्या वर जात नाही. आमच्या ऑफिसखालच्या कॅफेत ह्याहून पातळ कॉफी १९० ला आहे. चिकरीवाली साधी पुडी घेतलीत तर हेच वीस-बावीसमध्ये बसेल.

फेटलेल्या इन्स्टंटबद्दलही विचारतात. लग्नात मिळते ती, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली, जिला अख्खं मध्य प्रदेश एस्प्रेसो म्हणतं. जानेवारीच्या लग्नात रात्री अकरा वाजता शाल गुंडाळून ती प्यायलाच हवी. घरी कशाला?

लहानपणी बाबा पगाराच्या दिवशी इंडियन कॉफी हाउसमध्ये न्यायचे, वेटरच्या पांढऱ्या फेट्याच्या तुऱ्यावर माझी नजर खिळलेली असायची. १९५७ मध्ये सरकारी कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कामावरून काढलेल्या माणसांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन ह्यांच्या पाठबळावर सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवायला घेतली. आपल्या भागात चालवणारी सोसायटी जबलपूरची. हे बाबा दर वेळी, दर वेळी, सांगायचे. आई मात्र परत आल्यावर म्हणायची, “त्यात जायफळ नसतं.”

जायफळाचं राहिलंच. सासूबाईंचंही आईसारखंच, जायफळ नसेल तर ती कॉफी नाही, मग फिल्टर असो की फडकं. मी बरेच दिवस वाद घातला. चांगल्या पुडीचा वास झाकायचा कशाला, ते उकळून कडू झालेल्या कॉफीवरचं पांघरूण होतं, वगैरे. मग एकदा त्यांनी माझं डिकॉक्शन न सांगता घेतलं आणि दूध वेगळं तापवलं, पूर्ण साईचं, कडेला बुडबुडे येईपर्यंतच. त्यात किसणीवर चारदा ओढलेलं जायफळ, पाचव्यांदा नाही. जायफळ दुधात मुरतं, डिकॉक्शन वरून येतं, आणि दोन्ही वास आपापल्या जागी राहतात. मी दोन कप प्यायले. बोलले काही नाही.

ते दूध त्या तापवतात मशीनबरोबर आलेल्या स्टीलच्या जगमध्ये. चोच चांगली आहे त्याची, सांडत नाही. ५,८०० मधला तेवढा जग वसूल झालाय.