विलंबाचे कारण लेखी द्या

श्रावणातल्या त्या शनिवारी बेंगळुरूहून मुंबईला येणारे आमचे विमान दुपारी अडीचला सुटायचे होते आणि ते रात्री पावणेदहाला सुटले. सव्वासात तासांचा उशीर का झाला, हे त्या कंपनीने आजपर्यंत आम्हांला खरेपणाने सांगितलेले नाही, आणि माझा राग उशिरापेक्षा या न सांगण्यावर अधिक आहे.

बेंगळुरूला मुलीकडचा मुक्काम सुखाचा झाला, नातीला घेऊन लालबागेत रोज फिरलो, आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. परतीची तारीख मात्र आम्ही फार विचार करून ठरवली होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. जे खानदेशाबाहेरचे आहेत त्यांना सांगतो, की दिवाळीला न येणारा माणूसही कानबाईला गावी येतो. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात. आई गेल्यानंतर स्थापनेचा मान घरातली थोरली सून म्हणून माझ्या पत्नीकडे आला होता आणि तिचे हे पहिलेच वर्ष होते. जळगावला विमानतळ आहे, परंतु आमच्या तारखेला सोयीचे विमान मिळाले नाही. म्हणून मुंबईपर्यंत विमान, तिथून रात्रीची हावडा मेल, पहाटे जळगाव आणि तिथून एरंडोलजवळचे आमचे गाव असा बेत होता. विमान मुंबईत साडेचारच्या आत उतरणार होते, म्हणजे मधे चांगली चार-साडेचार तासांची सवड ठेवलेली होती.

विमान उशिरा सुटणार हे एकदाच कळले असते तर मी इतके लिहिले नसते. पहिला संदेश चाळीस मिनिटांचा आला, मग एक तासाचा, मग पुन्हा दीड तासाचा, आणि प्रत्येक संदेशात आता नक्की सुटणार असाच सूर होता. नियम काय म्हणतो हे मला तेव्हा मुलीने फोनवर वाचून दाखवले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१० साली प्रवाशांच्या सोयींविषयी नियम केले आणि पुढे त्यांत सुधारणा झाल्या. त्यांनुसार अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणाला २ तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर प्रतीक्षा करणाऱ्या प्रवाशांना खाणेपिणे द्यावे लागते. उशीर ६ तासांहून अधिक होणार असेल, तर ६ तासांच्या आत सुटणारे दुसरे विमान किंवा तिकिटाची पूर्ण रक्कम यांपैकी एकाची निवड प्रवाशाला द्यावी लागते. आता तुकड्यातुकड्यांनी वाढवलेल्या उशिराचे काय होते ते पाहा. सहा तासांचा उशीर होणार आहे, असे कोणत्याच क्षणी कोणी म्हणत नाही, आणि त्यामुळे निवड देण्याची वेळही कधी येत नाही. साडेतीन वाजताच कोणी खरे सांगितले असते, तर शेजारच्या दारातून मुंबईला निघालेल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात पदरचे पैसे घालून आम्ही बसलो असतो.

खाण्याची कुपने पाच वाजता आली आणि त्यांवर एक सँडविच मिळत होते. पत्नीचा श्रावणी शनिवारचा उपास होता, तिला त्याचा उपयोग नव्हता. रांगेतल्या भुसावळच्या एका वहिनींनी न विचारता डबा उघडला आणि शेंगदाण्याचे लाडू व राजगिऱ्याच्या वड्या तिच्या हातावर ठेवल्या. त्यांचे यजमान रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले होते. पुढच्या दोन तासांत जे काही घडले ते त्यांच्यामुळे घडले, असे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

मी काउंटरवरच्या मुलाला उशिराचे कारण विचारले. तो सभ्य होता, थकलेला होता, आणि त्याच्यावर माझा काहीच राग नाही. "सर, सिस्टीममध्ये ऑपरेशनल रीझन एवढेच दिसते," असे तो म्हणाला. तासाभराने दुसऱ्या मुलीने मुंबईत पाऊस असल्याचे सांगितले. त्याच वेळी समोरच्या फलकावर मुंबईकडे गेलेली इतर विमाने दिसत होती. मी त्या फलकाची छायाचित्रे काढून ठेवली. पाऊस हे कारण असेल तर तसे लिहून द्या, असे मी म्हटले, तेव्हा असे लिहून देण्याची पद्धत नाही, ईमेल करा, असे उत्तर मिळाले. हे ऐकून गार्डसाहेब पुढे आले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमची मालगाडी सिग्नलला थांबली तरी कुठे, किती मिनिटे आणि कशामुळे, हे मला माझ्या अहवालात लिहावे लागायचे. तुमचे विमान पाच तास उभे आहे आणि कारण लिहायला कागद नाही?" मग त्यांनीच त्यांच्या वहीचे पान फाडले. मी अर्ज लिहिला: उड्डाण क्रमांक, ठरलेली वेळ, आतापर्यंत सांगितलेली दोन वेगळी कारणे, आणि खरे कारण लेखी मिळावे ही विनंती. त्याखाली तिथे उभ्या असलेल्या बऱ्याच प्रवाशांनी सह्या केल्या. काउंटरवरच्या मुलाने तो घेण्यास नकार दिला. नंतर आलेल्या वरिष्ठ बाईंनी, सह्यांची रांग पाहून असेल, दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" असे लिहून वेळ टाकून सही केली. कारण त्यांनीही लिहिले नाही.

कारणाला मी इतके का धरून बसलो, हे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे उशिरासाठी रोख भरपाई या नियमांत नाही. ऐन वेळी विमान रद्द झाले आणि कंपनीने वेळेत कळवलेले नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये किंवा मूळ भाडे व इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते द्यावे लागते. विमान सात तास उशिरा का होईना सुटले, की हे कलम लागू होत नाही. त्यातही हवामान, सुरक्षा, संप, हवाई वाहतूक नियंत्रण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर रद्द विमानाचीही भरपाई नाही. म्हणजे प्रवाशाचा हक्क कारणावर अवलंबून आहे आणि कारण फक्त कंपनीला माहीत आहे. माझ्या भाच्याचे विमान फ्रँकफर्टहून मुंबईला पाच तास उशिरा पोहोचले, तेव्हा युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमावर आणि तिथल्या न्यायालयाच्या २००९ च्या निकालावर बोट ठेवून त्याने ६०० युरो मिळवले. तिथेही असाधारण परिस्थितीची सवलत कंपनीला आहे, परंतु ती परिस्थिती सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवर आहे. मला हे न्याय्य वाटते.

मुंबईत उतरलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि हावडा मेल कधीच निघून गेली होती. गाडीचे तिकीट बुडाले. टॅक्सीवाल्याने एरंडोलपर्यंतचे ९,५०० रुपये सांगितले आणि आम्ही ते मान्य केले, कारण दुसरा मार्ग नव्हता. कसारा घाटात धुके आणि पाऊस, ट्रकांची रांग, नाशिकच्या पुढे थोडी झोप, मालेगावला चहा. धुळ्याला मुंबई-आग्रा महामार्ग सोडून पारोळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा चांगलेच उजाडले होते आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी उभी होती. एरवी हा रस्ता मला फार आवडतो. त्या सकाळी पत्नी एक शब्द बोलली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा स्थापना होऊन गेली होती. मुहूर्त टळू नये म्हणून धाकट्या भावजयीने कानबाई बसवली, तिने योग्यच केले, आणि आम्हांला पाहून ती रडली. "वहिनी, तुमचा मान मी घेतला," असे ती म्हणत राहिली. पत्नीने तिची समजूत काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन गंगाफळ चिरायला बसली. नुकसानभरपाईच्या अर्जात मानसिक त्रास असा एक रकाना असतो. पुढे तो भरताना मी हेच लिहिले, अलंकार न लावता, जसे झाले तसे.

कंपनीकडे केलेल्या तक्रारीला दिलगिरी आणि १,५०० रुपयांचे व्हाउचर असे उत्तर आले. ते पुढच्या प्रवासासाठी, त्याच कंपनीकडे आणि ठरावीक मुदतीत वापरायचे होते. उशिराचे कारण "कामकाजाशी संबंधित" असे होते. व्हाउचर नाकारून मी कंपनीच्या नोडल म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि सरकारच्या एअरसेवा या तक्रार व्यवस्थेवर तक्रार केली. तिथे कंपनीने कारण दिले "हवामान". एकाच उड्डाणाची दोन लेखी कारणे माझ्या हातात आली, आणि वहीच्या पानावरची ती सही तिसरा पुरावा होती.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, पण एक गोष्ट ठळक करून. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रवाशाला तो जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय कुठे आहे याचा विचार करावा लागत नाही. एरंडोलच्या माणसाला जळगाव पुरते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या सेवेसाठी शुल्क नाही, मुदत २ वर्षांची आहे, आणि वकील लावलाच पाहिजे असे नाही. मी स्वतःच तक्रार मांडली आणि दोन निकालांचा आधार घेतला. पहिला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा, जो वरवर पाहता माझ्या विरुद्ध जातो: दिल्ली-हैदराबाद विमान धुक्याने रखडले होते आणि खराब हवामानामुळे झालेल्या उशिरासाठी भरपाई देता येणार नाही, मात्र प्रवाशांची सोय पाहण्याचे कर्तव्य कंपनीवर राहते, असे न्यायालय म्हणाले. तो मी लपवला नाही, कारण माझ्या प्रकरणात धुके आहे हेच कोणी सिद्ध केलेले नव्हते. दुसरा निकाल ६ सप्टेंबर २०२१ चा. त्यात गाडी जम्मूला चार तास उशिरा पोहोचली, प्रवाशाचे श्रीनगरचे विमान चुकले, आणि उशिराचे कारण रेल्वेने पुराव्यानिशी स्पष्ट केले नाही म्हणून ३०,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. तिथे गाडीमुळे विमान चुकले, माझी विमानामुळे गाडी चुकली. उशीर का झाला हे सेवा देणाऱ्याने दाखवले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे होते.

कंपनीच्या वकिलांनी तडजोडीची तयारी दाखवली आणि प्रकरण मध्यस्थीकडे गेले. दोघांचे विमानभाडे, टॅक्सी, बुडालेले रेल्वे तिकीट आणि त्रासापोटी काही रक्कम, इतके त्यांनी मान्य केले. कारणाची एक ओळ तडजोडीच्या कागदात घालावी, असा आग्रह मी धरला. तो मान्य झाला नाही. पत्नीचे मत होते की पैसे घ्यावेत आणि प्रकरण मिटवावे, कारण तारखांना जाण्याचा त्रास तिलाही होत होता. मी ते मानले आणि रक्कम खात्यात जमा झाली.

कारण मात्र मला अजून हवे आहे. म्हणून त्या उड्डाणाच्या विलंबाचे कोणते कारण कंपनीने महासंचालनालयाला कळवले होते, अशी विचारणा करणारा माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचे शुल्क भरून मी पाठवला आहे, आणि सोबत गार्डसाहेबांच्या वहीच्या त्या पानाची प्रत जोडली आहे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.